सावडीचे आठ तास

करिश्माला शिष्यवृत्तीसाठी साठ तासांची समाजसेवा लागत होती आणि तिचे भरले होते बावन्न. राहिलेले आठ तास तिच्या आईच्याच शेतात गेले, आणि सगळी भानगड तिथेच झाली.

करिश्मा निमोण्याची, शिरूरच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. खुटबावचे पुढारी पोपटराव यांनी आपल्या वडिलांच्या नावाने गुणी मुलींसाठी शिष्यवृत्ती ठेवली होती. नुसते मार्क चालत नसत. साठ तास स्वयंसेवा हवी, शिवाय ‘वेलनेस’च्या दोन सत्रांना हजेरी हवी. मुलींवर ताण येऊ नये म्हणून ही सत्रं सक्तीची केली होती, न येणारीचा अर्जच बाद. शिष्यवृत्ती मिळाली तर करिश्माचं तिसरं वर्ष होणार होतं. नाहीतर मांडवगण फराट्याच्या मावशीने एक स्थळ धरूनच ठेवलं होतं. मुलाचा स्वतःचा टेम्पो होता, हे ती दर फोनला सांगायची. आई धुरपदा त्याला हो म्हणत नव्हती, पण नाहीही म्हणत नव्हती.

स्वयंसेवेसाठी कॉलेजने एक गाव दत्तक घेतलं, ते नेमकं निमोणेच निघालं. घर हाकेच्या अंतरावर असताना करिश्मा आठवडाभर शाळेच्या वर्गात सतरंजीवर झोपली. ज्या गटारावरून लहानपणापासून उडी मारत आली, ते तिने उपसलं आणि दर तासाला त्याच्याशेजारी उभं राहून फोटो काढला. फोटो नाही तर तास नाही, असा शिबिरप्रमुख रोहिदास सरांचा दंडक होता. शेवटच्या दिवशी सरांनी जाहीर केलं, आज एका गरजू कुटुंबासाठी श्रमदान. गावातल्या कुणीतरी धुरपदाच्या शेवंतीच्या रानाकडे बोट दाखवलं.

गरजू म्हटल्यावर करिश्माचे कान तापले. पण तापून करणार काय? करिश्मा सोडून आणखी दहा पोरंपोरी होती, त्यांना फूल कुठे खुडायचं तेही माहीत नव्हतं. तिने एकेकाचा हात धरून शिकवलं. तरी निम्म्यांनी कळ्या तोडल्या आणि एकाने अख्खं झाड उपटून “सर, हे कुठं ठेवू?” असं विचारलं. धुरपदाने मात्र सगळ्यांना पोटभर पोहे खाऊ घातले. संध्याकाळी दहाजणांच्या नावावर आठ-आठ तास चढले आणि करिश्माच्या नावापुढे सरांनी रेघ मारली.

“शेत तुमचंच ना? तू लाभार्थी झालीस, करिश्मा. लाभार्थी स्वयंसेवक कसा होईल?”

“मग सर, मागच्या आठवड्यात मी शेजारच्या रंगुबाईंचा कांदा लावला दिवसभर, ते धरा. फोटो पण आहे.”

“त्या येतात तुमच्याकडे कामाला?”

“येतात की. सावड आहे आमची. एक दिवस आम्ही त्यांच्यात, एक दिवस त्या आमच्यात.”

“झालं तर मग,” सर म्हणाले. “परतफेड आली की ती स्वयंसेवा राहत नाही. नियम आहे.”

करिश्माला रडू आलं ते घरी आल्यावर. तिने आईला सगळं सांगितलं, पण धुरपदाने त्यातलं एकच धरलं.

“म्हंजी त्या धा लेकरांची सावड आपल्यावर बसली की.”

“आई, ते फेडायचं नसतं. ती समाजसेवा असते.”

“आपल्या रानात धा माणसं राबून गेली आन् आपण गप बसायचं व्हय?” धुरपदा म्हणाली आणि चुलीपुढून उठून रंगुबाईच्या घराकडे चालू लागली.

गुरुवारी दुपारी चारला पोपटरावांच्या हस्ते शिष्यवृत्तीची पत्रं वाटायची होती. सकाळी आठला कॉलेजच्या दारात जीप थांबली आणि तिच्यातून खुरपी, खराटे घेऊन दहा बाया उतरल्या. पुढे धुरपदा.

“सर, काय काम हाय ते सांगा. तुमच्या पोरांची सावड फेडायला आलोय.”

करिश्माला धरणी दुभंगली तर बरं, असं झालं. सरांना मात्र देवच पावला. सफाईवाला आला नव्हता आणि मैदानात गुडघाभर गाजरगवत होतं. एक वाजेपर्यंत मैदान लख्ख झालं. सरांनी बायांचे फोटो काढले आणि अहवालात ‘ग्रामस्थांचा उत्स्फूर्त सहभाग’ लिहिलं. दोन वाजता वेलनेसचं सत्र होतं, त्याला अर्ज केलेल्या मुली सोडून बाकी पोरांनी दांडी मारली, तेव्हा बायांनाच हॉलमध्ये बसवलं. पुण्याहून आलेल्या मॅडम म्हणाल्या, डोळे मिटा, सगळ्या चिंता सोडून द्या. पाच मिनिटांत दहाच्या दहा बाया बसल्या जागी झोपल्या. रंगुबाई तर घोरायला लागली. इतका चांगला प्रतिसाद आपल्याला कुठेच मिळाला नव्हता, असं मॅडम म्हणाल्या.

तोवर करिश्माची लाज ओसरली होती आणि डोकं चालायला लागलं होतं. ती सरांपुढे जाऊन उभी राहिली.

“सर, शेवंतीच्या कामाची परतफेड आली. तुम्ही घेतली, फोटोही काढले. म्हणजे त्या दहाजणांची ती स्वयंसेवा राहिली नाही. नियम आहे.”

त्या दहांत प्राचार्यांची पुतणी होती आणि शिष्यवृत्तीच्या यादीतल्या दोघी होत्या. सरांनी इकडेतिकडे पाहिलं, खिशातून पेन काढलं आणि रंगुबाईच्या कांद्याचे आठ तास गुपचूप करिश्माच्या नावावर लिहिले आणि बाजूला काढलेलं तिचं पत्र गठ्ठ्यात सरकवलं.

चार वाजता पोपटरावांनी भाषण केलं. “आम्ही देतो ते परत मिळावं म्हणून देत न्हाई,” ते म्हणाले, टाळ्या पडल्या, आणि करिश्माच्या हातात पत्र आलं. ती खाली उतरली तेव्हा धुरपदा स्टेजच्या कडेला पदर सावरत उभी होती.

“आबा, लई उपकार झालं. पर तुमची सावड कशी फेडायची? काय काम असंल तर सांगा.”

स्टेजवरची माणसं हसली, रोहिदास सर तर सगळ्यांत मोठ्याने. पोपटराव हसले नाहीत. ते खाली वाकले.

“पुढच्या महिन्यात खुटबावला सभा हाय आमची, ताई. धा बाया आणा. गाडी धाडतो.”

“धाच ना? येतो की,” धुरपदा म्हणाली आणि तिचा जीव भांड्यात पडला. करिश्माने हातातल्या पत्राकडे पाहिलं. साऱ्या कॉलेजात सावड कळणारा एकच माणूस निघाला होता, आणि तो परत काही न घेणारा.

जीप निमोण्याच्या रस्त्याला लागल्यावर रंगुबाई म्हणाली, “धुरपदे, सोमवारी माझं खुरपण हाय बरं.” मग मागून दुसरीने मंगळवार सांगितला, तिसरीने बुधवार. नऊ बाया आईच्या शब्दाखातर आल्या होत्या, म्हणजे नऊ दिवस झाले. धुरपदाने लेकीकडे पाहिलं.

“मी येते सोमवारी,” करिश्मा म्हणाली आणि तिने फोन बॅगेत टाकला. त्या तासांचा फोटो कुणी मागणार नव्हतं.