उलट्या पिळाचे लोलक

तर थोरल्या जावेचा अंगठा सुजला, इथून सगळं सुरू झालं. आता अंगठा काय, कुणाचाही सुजतो, पण हिचा सुजला तो ऐन नाताळाच्या तोंडावर, आणि ही बाई म्हणजे क्रोशाची सुई हातात घेऊनच जन्माला आलेली. कोपऱ्यावर सजावटीच्या सामानाचं दुकान आहे ना, त्याच्या दर्शनी काचेत दर नाताळाला हिनेच विणलेले लोलक लटकायचे. पांढऱ्या दोऱ्याचे, पिळाचे, ओघळता ओघळता बर्फ गोठावा तसे. काचेत एकाच हाताचं काम लावायचं हा दुकानवाल्या बाईंचा नियम, आणि तो हात आपला हा थोरलीचा तोरा. मागे टपून बसलेल्या होत्याच दोघीतिघी. अंगठ्याचं बाहेर कळलं असतं तर काच हातची गेलीच म्हणून समजा.

म्हणून तिने धाकट्या जावेला धरलं. धाकटी डावखुरी. घरात आल्यापासून थोरली तिला ‘डावरे’ म्हणूनच हाक मारायची, आणि धाकटीही अशी की खुशाल ओ द्यायची.

“डावरे, इकडे ये. तुला क्रोशा शिकायचाय.”

“मला कधी शिकायचाय?”

“आजपासून. आणि तोंड बंद ठेवायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची.”

“ती झाकता आली असती तर मला कशाला बोलावलं असतं, जाऊबाई?” धाकटी म्हणाली. खरंच होतं ते, थोरलीची मूठ मिटतच नव्हती.

पहिल्यांदा दोघी शेजारी शेजारी बसल्या. छे. थोरली सुई डावीकडे न्यायची तर हिची उजवीकडे पळायची, कोपराला कोपर लागायचं, दोऱ्याचा नुसता गुंता. मग थोरलीने तिला उचललं आणि टेबलाच्या पलीकडे बसवलं, समोरासमोर. आरशात बघून करावं तसं कर म्हणाली. आणि गंमत म्हणजे जमलं की. आधी लांब साखळी, मग उलट फिरून साखळीच्या प्रत्येक घरात दाटीवाटीने खांबाचे उभे टाके भरायचे, म्हणजे पट्टी आपोआप पीळ खाते. समोरून बघताना दोघींचं काम अगदी सारखं दिसायचं. थोरली दुखऱ्या अंगठ्याने रेटून एक विणायची तोवर हिचाही एक व्हायचा, आणि वर उंटावरून शेळ्या हाकणं चालूच. घट्ट धर, सैल सोड, अगं दोरा आहे तो, बैलाचा कासरा नाही. सगळे लोलक खळीत बुडवून, वाळवून, खोक्यात भरले. आता खोक्यात काय, सगळे एकावर एक पडलेले, कुणाचे कुठले ते थोरलीनेही बघितलं नाही. दोघी दुकानात.

बाईंनी एकेक करून काचेत टांगले. चार पावलं मागे गेल्या. मान इकडे केली, तिकडे केली.

“यांचं आपसात भांडण झालंय का हो?”

कारण निम्म्या लोलकांचा पीळ उजवीकडून खाली उतरत होता आणि निम्म्यांचा डावीकडून. टांगल्यावर ते लहान मुलालाही दिसलं असतं. थोरलीला क्षणात कळलं काय झालं ते. आरशातलं काम ते, उलटंच येणार.

“काचेत एकाच पिळाचे राहतील,” बाई म्हणाल्या. “कुठले ठेवू ते तुम्हीच सांगा.”

आता बघा, किती सोपं होतं. उलटे उतरवायचे, गंमत म्हणून करून बघितले होते म्हणायचं, की झालं. काच हिची, नाव हिचं. थोरलीचा हात वर गेलासुद्धा. पण जवळ गेल्यावर तिला लोलक दिसले, आणि तिची नजर काही अंगठ्यासारखी सुजली नव्हती. स्वतःचे तिने लगेच ओळखले. वर घट्ट, मधे ढिले, जिथे जिथे अंगठा दुखला तिथे तिथे खांब सुटलेले. घरी खळीने लपलं होतं, काचेतल्या उजेडात सगळं उघडं. धाकटीचे मात्र वरपासून टोकापर्यंत मक्याच्या दाण्यांसारखे भरलेले.

तिने आपले उतरवायला सुरुवात केली. एकेक.

“अहो, ते तर नेहमीचे आहेत,” बाई म्हणाल्या.

“नेहमीचा हात हा,” थोरलीने अंगठा पुढे केला. “राहिलेत ते हिचे. काच एका हाताची म्हणता ना? मग हिची.”

बाईंनी अंगठा बघितला, धाकटीला बघितलं. “डावखुऱ्या का तुम्ही?”

“हो. घरात नावच आहे ते.”

“अर्धी काच रिकामी दिसेल हो अशाने.”

“भरून देते ती,” थोरली म्हणाली.

बाहेर आल्यावर खोकं धाकटीच्या हातात. तिने त्यात डोकावून बघितलं. मग म्हणाली, “हे तुमचे घरी लावू या, जाऊबाई. खिडकीत.”

“लावायचे कसले? आधी खळ धुऊन काढ, मग उसव. दोरा चांगला आहे.”

“आणि तुम्ही?”

“मी बसते की समोर. चल, डावरे, पाय उचल.”