झरोक्याखालची हजेरी

अब्दुल गफ्फारने थापीवर सिमेंट घेतलं, शिडीची शेवटची पायरी चढला आणि झरोक्याशी नेलेला हात त्याने तसाच थांबवला. आतून सापाने फूत्कार टाकावा तसा आवाज आला. मग दुसरा, मग तिसरा.

"गुरुजी," तो वरूनच म्हणाला, "अंदर घुबडाची लेकरं हायेत. तीन. कापसाच्या बोंडावानी."

खाली शिडी धरून उभे असलेले खुशालराव म्हणाले, "म्हनूनच म्हनतो, उतर."

"उतरतो. पन सरपंचाले तुमी सांगा. सकाळपासून दोनदा फोन येऊन गेला त्यायचा."

"सांगतो मी."

गफ्फार उतरला. कालवलेलं सिमेंट वाया जाऊ नये म्हणून त्याने ते उंबरठ्याच्या भेगेत भरलं, थापी पुसली आणि शिडी खांद्यावर घेऊन निघून गेला.

खुशालरावांना निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली होती. चांदूर बाजारच्या रस्त्यावरच्या त्या गावात, वाचनालयाच्या रिकाम्या खोलीत, ते रोज शाळा सुटल्यावर मुलांना तासभर शिकवत. अट एकच होती, हजेरीची. पूर्ण नाव पुकारलं की उभं राहून 'हजर' म्हणायचं. श्रावणात घुबडांची जोडी त्या खोलीच्या झरोक्यात राहायला आली आणि वाद सुरू झाला तो या हजेरीवरून. घुबडासमोर कोणाचं नाव घेऊ नये, हे गावात लहानथोर सगळ्यांना माहीत होतं. ते नाव ऐकून ठेवतं, घोकत बसतं, आणि जसं घोकतं तसा तो माणूस वाळत जातो. आणि गुरुजी तर सव्वीस लेकरांची नावं, बापाच्या नावासकट, बरोबर त्याच्याखाली बसून वाचत होते.

कोणी सुचवलं, नंबराने बोलवा. गुरुजी म्हणाले, नंबर मोटारीला असतो. मग मुलं कमी होत गेली. सव्वीसाची नऊ झाली, आणि शेवटी ग्रामपंचायतीने भोक बुजवायला गफ्फारला पाठवलं.

त्या नऊ जणांत रागिणी होती. पाचवीत शिकणारी, दोन वेण्यांची, सगळ्यात पुढे बसणारी. इतर मुलं 'हजर' पुटपुटत तेव्हा ती मान वर करून, झरोक्याकडे बघून म्हणे. "माहं नाव अजून मोठ्यानं घ्या, गुरुजी," ती एकदा म्हणाली होती, "त्याले नीट ऐकू जाऊ द्या. पाहू तं खरं काय होते ते." घुबडाने ओकून टाकलेल्या काळ्या गोळ्या ती काडीने फोडायची आणि आतल्या उंदरांच्या कवट्या कागदावर ओळीने मांडायची.

पिल्लं उडायला अजून तीन आठवडे हवे होते. खुशालराव त्याच संध्याकाळी रागिणीच्या आजीकडे, दुर्गाबाईंकडे गेले. बायकांत दुर्गाबाईंचा शब्द चालत असे, आणि बायकांनी मनावर घेतलं की सरपंचही गप्प बसत.

दुर्गाबाई अंगणात भुईमुगाच्या शेंगा सोलत होत्या.

"उंदीर खाते ते, वैनी. एका हंगामात हजार उंदीर."

"उंदरासाठी मांजर हाय आमच्या घरी."

खुशालरावही शेंगा सोलू लागले. मग म्हणाले, "विष्णू कशावर बसते?"

"गरुडावर. मले काय शाळेत घालून राहिले आता?"

"सरस्वती?"

"हंसावर."

"शनिमहाराज?"

"कावळ्यावर. पुढं बोला."

"लक्ष्मी?"

"कमळावर."

"कमळावर बसते. फिरते कशावर?"

दुर्गाबाईंचा हात थांबला. त्यांना माहीत होतं, पण ते या झरोक्याशी कधी जोडलं नव्हतं.

"वाहन आपल्या गावात उभं हाय," खुशालराव म्हणाले, "अन् दिवाळी बारा दिवसांवर. मालकीन काय लई दूर असन?"

"तुमचं तोंड मोठं गोड हाय, गुरुजी," दुर्गाबाई म्हणाल्या. पण त्या हसत नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी त्या हळदकुंकवाचं ताट घेऊन खोलीत आल्या. झरोक्याखालच्या भिंतीला त्यांनी पाच बोटं लावली आणि हात जोडले. तिसऱ्या दिवशी आणखी चार बायका आल्या. आठवडाभरात हजेरीला तेवीस मुलं झाली. भिंत पिवळी झाली होती, खाली फुलं पडत होती. खुशालरावांना ते फारसं रुचलं नव्हतं, पण वरून फूत्कार येत होते आणि खाली मुलं कवट्या मोजत होती. चालू द्या, ते मनाशी म्हणाले.

गुरुवारी, मुलं नुकतीच बसली असताना, दुर्गाबाईंचा भाचा पियुष आला. तो परतवाड्याला जीप चालवायचा. त्याच्याबरोबर इस्त्रीचा पांढरा सदरा घातलेला एक माणूस होता. दुर्गाबाई ताट घेऊन मागोमाग आल्या.

"मावशीनं सांगतलं इथं लक्ष्मी आली म्हनून," पियुष म्हणाला. "हे पाहुने अमरावतीचे. दर्शन घेतो म्हनाले."

पाहुण्याने हात जोडले, पण भिंतीकडे पाहिलं नाही. तो थेट झरोक्याखाली गेला.

"किती आहेत?"

"तीन," एक मुलगा उत्साहाने म्हणाला.

"पंख फुटले का? नखं कशी आहेत, काळी की पांढरी?"

खुशालरावांनी हातातला खडू खाली ठेवला. दर्शनाला आलेला माणूस नखांचा रंग विचारत नाही. लक्ष्मीपूजनाच्या आधी अशी माणसं गावोगाव फिरतात, आणि त्यांनी बळीसाठी नेलेला पक्षी पूजेनंतर कोणाला दिसत नाही, हे त्यांनी ऐकलेलं होतं.

"कायद्यानं हात लावता येत नाही त्याले," ते म्हणाले.

"मी कुठं लावला?" पाहुणा हसला. "दिवाळीपर्यंत एकदोनदा येईन म्हणतो. तुम्हीच तर सांगितलं म्हणे, गुरुजी, हे लक्ष्मीचं आहे."

त्याने खोलीकडे नजर फिरवली. खिडकीला गज नव्हते. दाराची कडी कधीचीच तुटलेली होती.

खुशालरावांनी हजेरीचं पुस्तक उघडलं. "या ना. खुशाल या. तुमचं नाव सांगा पूर्ण. वडिलांच्या नावासकट."

"नाव कशाला?"

"इथं येनाऱ्याची हजेरी लागते. थोडं मोठ्यानं सांगा." त्यांनी पेनाने झरोक्याकडे खूण केली. "तेथवर ऐकू गेलं पाहिजे."

पाहुण्याचं हसू राहिलं, पण तो बोलला नाही. खुशालराव पियुषकडे वळले.

"बरं, आधी तुहं लिहितो. पियुष..."

"गुरुजी, नोका." पियुष दोन पावलं मागे सरला. "माहं नाव नोका घेऊ तेथ. मी फक्त गाडी आनली."

पाहुणा घड्याळाकडे पाहत म्हणाला, "उशीर होतो आहे. चल रे." त्याने पियुषला नावाने हाक मारली नाही, हे सगळ्यांच्या लक्षात आलं. तो बाहेर जाऊन जीपमध्ये बसला.

पियुष मात्र दारात चप्पल शोधत रेंगाळला होता. दुर्गाबाईंच्या हातातलं ताट तिरपं झालं होतं.

"म्हंजे खरंच धरून ठेवते का, गुरुजी?" त्यांनी विचारलं. "मग गफ्फारले बलावते. बुजवूनच टाकू."

"बुजवनाऱ्याचं नाव पहिले धरते," खुशालराव म्हणाले. "नेनाऱ्याचं त्याच्याआधी. त्याचं ते उडून जाईल पंधरा दिवसांत. तवरोक कोनी हात लावू नये."

पियुषने एक चप्पल घातली आणि दुसरी हातात धरून ऐकत राहिला.

रागिणी उभी राहिली. तिच्यासमोरच्या कागदावर अकरा कवट्या होत्या.

"गुरुजी, तुमी तं रोज माहं नाव घेता. मले काही नाही झालं." मग थांबून म्हणाली, "धरून ठेवते का खरंच?"

खुशालरावांनी तिच्याकडे पाहिलं. मग दाराकडे पाहिलं. पियुष परतवाड्याच्या स्टँडवर जे सांगणार होता, ते आता ठरायचं होतं.

"हो," ते म्हणाले.

"माहं पन?"

त्यांना चष्मा पुसायला थोडा वेळ लागला.

"हो."

पियुषची चप्पल वाजली, जीप सुरू झाली. मुलं एकेक करून दप्तरं आवरू लागली. रागिणीने कागदाची घडी केली नाही, कवट्या तशाच राहू दिल्या. तिची जागा झरोक्याच्या बरोबर खाली होती आणि दार समोर होतं, पण ती आधी मागे सरली, आणि मागच्या भिंतीला पाठ घासत, खाली मान घालून, लांबच्या बाजूने दाराकडे गेली.