हाल्फ्दान आजोबांचे उघडे डोळे

मुलांनो, जरा कल्पना करा. दुपारचे बारा वाजलेत, ताटात गरम मासा आहे, आणि खिडकीबाहेर निळा अंधार. कालही तसाच होता, परवाही. पार उत्तरेकडच्या आमच्या स्कारव्होग गावात हिवाळ्यात दोन महिने सूर्य डोंगराच्या वर येतच नाही. तेव्हा कुणाचा फोटो काढायचा, तर तो घरात आणि फ्लॅश लावूनच.

मी तिथल्या शाळेत मास्तर. सुन्निवा माझ्या वर्गात होती, अकरा वर्षांची. दोन हिवाळे धक्क्यावर कॉड माशांच्या जिभा कापून, त्या विकून तिने एक जुना कॅमेरा आणि त्याच्या डोक्यावर बसणारा फ्लॅश मिळवला होता.

गावाच्या सभागृहात कप्तानांची एक भिंत आहे. बोट कायमची सोडणाऱ्याचा फोटो तिथे लागतो, तोही सूर्य परत येतो त्याच दिवशी. सगळं गाव जॅमचे बन खायला जमतं. त्या वर्षी पाळी होती सुन्निवाच्या आजोबांची, हाल्फ्दानची. पण घरातल्या कुठल्याही फोटोत त्याचे डोळे मिटलेलेच असायचे.

असा एक कप्तान भिंतीवर आधीच होता. आइलर्ट. बारा वर्षं तो तिथे डोळे मिटून लटकला होता, आणि पोरं त्याला ‘झोपाळू कप्तान’ म्हणत. आइलर्ट हसून सोडून द्यायचा. बसायचा मात्र कायम त्या भिंतीकडे पाठ करून.

“चाळीस वर्षं पहारे दिले मी,” हाल्फ्दान म्हणाला. “एक डुलकी घेतली नाही. आता भिंतीवर झोपलेला दिसू? त्यापेक्षा चौकटीत माझी टोपी लावा.”

सुन्निवाच्या तोरलाइफ काकाने तीस फोटो काढून पाहिले. तिसाव्याला तो वैतागला. “आता पापण्यांना चिकटपट्टीच लावतो!”

“मी काढते,” सुन्निवा म्हणाली.

“तू? तुझ्या मागच्या फोटोत मावशी पिठाच्या पोत्यात पडल्यासारखी दिसत होती!”

खरंच होतं ते. सुन्निवा तो फोटो घेऊन माझ्याकडे आली. पांढराफटक चेहरा, चष्म्यावर चकाकी, मागे भिंतीवर काळी सावली.

“चेंडू सरळ तोंडावर मारलास तर काय होईल?” मी विचारलं.

“लागेल.”

“आणि आधी भिंतीवर टाकलास तर?”

“हळू येईल.” तिने फ्लॅशचं डोकं बोटाने वर वळवून पाहिलं. “हे वळतं होय!”

संध्याकाळी तिने आजोबांना स्वयंपाकघरात बसवलं आणि फ्लॅश छताकडे वळवला. आमची छतं लाकडी, तपकिरी. फोटोत हाल्फ्दान धुरावलेल्या माशाच्या रंगाचा आला.

“मास्तर, छताचा रंग उजेडाला लागला,” दुसऱ्या दिवशी तिने सांगितलं. उपायही तिनेच शोधला होता. आजीने, म्हणजे माग्नहिल्डने, आजोबांच्या शेजारी पांढरी चादर ताणून धरायची आणि फ्लॅश चादरीकडे वळवायचा. मीही बघायला गेलो.

“माझे हात भरून आले,” आजी चादरीमागून म्हणाली. “हाल्फ्दान, लग्नातसुद्धा तुझ्यासाठी इतका वेळ उभी नव्हते मी!”

चेहरा सुंदर आला. गालावरची एकेक सुरकुती मऊ उजेडात दिसत होती. आणि डोळे? बंद! दहा वेळा काढला, दहाही वेळा बंद.

“डोळे उघडे ठेव ना,” मी म्हणालो. गेली वीस वर्षं सगळं गाव त्याला हेच सांगत होतं.

सुन्निवाने मात्र कॅमेरा खाली ठेवला. “आजोबा, फ्लॅश चमकतो त्या वेळी तुम्हाला काय दिसतं?”

हे त्याला कुणी कधी विचारलंच नव्हतं. हाल्फ्दान विचारात पडला. “दीपस्तंभ दिसतो,” तो म्हणाला. “एक बारीक चमकारा, लगेच एक मोठा. बारीक दिसला की डोळे मिटतात. मोठा येतो तोवर मिटलेलेच असतात.”

“दोनदा? फ्लॅश तर एकदाच चमकतो!”

“पोरी, आयुष्यभर रात्री उजेड मोजून बोट घरी आणली मी. दोन म्हणजे दोन.”

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. फ्लॅश आपोआप चालतो तेव्हा आधी एक छोटा चमकारा टाकून कॅमेरा अंदाज घेतो, किती उजेड लागेल याचा. मग खरा चमकारा. तुमच्याआमच्या पापण्या मंद, त्यांना दोन्ही एकच वाटतात. कप्तानाच्या पापण्या चपळ!

“मग कॅमेऱ्याला अंदाज घेऊच द्यायचा नाही,” सुन्निवा म्हणाली. “अंदाज मीच घेते.”

तिने फ्लॅशचं आपोआप चालणं बंद केलं. खुर्चीत बटाट्यांचं पोतं बसवून त्याला आजोबांची टोपी घातली. एक फोटो फार उजळ, दुसरा काळोखा, तिसरा थोडा कमी काळोखा. सातव्याला टोपीवरचं बटण स्वच्छ दिसलं. मग चादर, खुर्ची, कॅमेरा, काही न हलवता तिने पोत्याच्या जागी आजोबांना बसवलं.

“बटाट्यांनी डोळे मिटले नाहीत हं, आजोबा!”

हाल्फ्दान हसायला लागला, आणि तिने बटण दाबलं. एकच चमकारा.

“एकच!” हाल्फ्दान ओरडला.

कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर दोन निळे डोळे टक्क उघडे होते. आजीने चादर टाकली, बघितलं, आणि नवऱ्याच्या टकलावर एक मुका दिला.

चौथ्या दिवशी डोंगरामागून सूर्याची कड दिसली, आणि सभागृहात चौकटीवरचं कापड निघालं. मग सगळ्यांनी पाय आपटून दणका उडवला. तोरलाइफ काका बनने भरलेल्या तोंडाने म्हणाला, “हा तर मला ओरडायच्या बेतात दिसतोय! सुन्निवा, जिंकलीस.” हाल्फ्दान भिंतीसमोर उभा राहिला आणि त्याने स्वतःलाच टोपी काढून सलाम केला.

सगळे वळून बघत होते. आइलर्ट तेवढा पाठ करून कॉफी ढवळत होता.

सुन्निवाने हातातला बन ताटलीत ठेवला. टेबलावरचा पांढरा कागद ओढून काढून माझ्या हातात दिला. “मास्तर, ताणून धरा.” मग एक खुर्ची फरफटत आइलर्टसमोर नेली, फ्लॅशचं डोकं कागदाकडे वळवलं आणि म्हणाली, “कप्तान, जरा इकडे बघा.”