भिंगरीचा चहा

माझा पाय प्लास्टरमध्ये, त्यामुळे मुक्काम पलंगावर. नवरा चहा करायला गेला, म्हणजे चहाची आशा सोडायची. डॉक्टर त्याच्या स्वभावाला एडीएचडी म्हणतात, मी त्याला भिंगरी म्हणते.

डोळे मिटून मी आवाज ऐकत पडले. त्यानं आधण ठेवलं. तेवढ्यात खिडकी कुरकुरली, तसा गॅस बंद करून तो तेल शोधायला निघाला. ड्रॉवर उघडला, तर त्यात त्याला जुना माउथ ऑर्गन सापडला. सूर मागच्या खोलीत गेले, तिथून बाल्कनीत.

"अगं, कुंडीत गोगलगाय आहे! शिंगं बाहेर काढून माझ्याकडेच बघतेय!"

मला ओल्या मातीचा वास आला, गालावर ऊन लागलं. पलंगासकट मी त्याच्या मागोमाग घरभर तरंगत होते.

शेवटी तो दारात आला. एका हातात माउथ ऑर्गन, दुसऱ्या हातात तेलाची बाटली.

"आणि चहा?" मी डाफरले.

"अरेच्चा!" तो लगबगीनं वळला.

"थांब," मी म्हटलं. "स्वयंपाकघरात जाताना गच्चीवरून जा. किती दिवस झाले, मी तिकडे गेलेच नाहीये."