भंगारात निघालेली बेबाबाईंची फियाट

खरं तर हे मी सांगायचं नव्हतं. "विम्याचा माणूस येईल तेव्हा केळ्यांचं नाव कोणी काढायचं नाही," असं चंदनने घरात सगळ्यांना बजावलं होतं. मी तेव्हा अंगणात मोडून उभी होते. मला वेगळं कोणी बजावलं नाही, पण ऐकलं मीही होतं. आता सगळं निभावलं आहे, म्हणून सांगते.

मी एक फियाट. रंग दुधाच्या सायीसारखा, गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला. १९७८ साली कुर्ल्याच्या कारखान्यात माझा जन्म झाला. आधी मी भुसावळच्या एका डॉक्टरांकडे होते. त्यांच्याकडून मला रावेर तालुक्यातल्या जीवरामनानांनी घेतलं. नाना केळीचे बागायतदार, मोठे हौशी. पण गाडी मागे घेणं त्यांना जन्मात जमलं नाही. एकदा त्यांनी मला बागेतल्या पाटात घातलं. तिथून बाहेर काढलं ते त्यांच्या बायकोने, बेबाबाईंनी. ट्रॅक्टर कसा चालवतात हे पाहून पाहून त्या शिकल्या होत्या.

"तुम्ही बाजूले बसा," त्या नानांना म्हणाल्या.

त्या दिवसापासून नाना बाजूलाच बसले. पुढे ते गेले. माझ्या कागदांवर बेबाबाईंचं नाव लागलं.

बेबाबाई पदराचं टोक दातात धरून गाडी चालवतात. समोरून ट्रक आला की त्याला वाट देतात, पण आधी त्याच्याकडे रागाने बघतात. त्यांची लेक पहूरला दिलेली आहे. तिच्याकडे जाताना मागे केळीचा एक घड असतोच. ताज्या घडाचा चीक टपटप गळतो. आधी पाण्यासारखा, मग तपकिरी, मग काळपट. लुगड्यावर पडला तर लुगडं फाटेल, डाग जाणार नाही. माझ्या खालच्या पत्र्यावर पंचवीस वर्षांचा चीक आहे.

गेल्या हिवाळ्यात पहूरला जाताना वाटेत आम्ही चहासाठी थांबलो. बेबाबाई टपरीवर होत्या, मी रस्त्याकडेला. एक ट्रक मागे येत येत थेट माझ्या डाव्या कुशीत शिरला. दोन्ही दारं आत गेली, मधला पिलर वाकला.

मला ओढून घरी आणलं. चंदन म्हणजे बेबाबाईंचा मुलगा. त्याने सगळ्यात आधी काय केलं, तर मागच्या सीटवरचा घड उतरवला. "खासगी गाडीत माल वाहिला म्हणतील, अन् क्लेम उडवतील," तो म्हणाला. तिथून ती तंबी सुरू झाली.

मग मला जळगावला हिलालभाऊंच्या गॅरेजमध्ये नेलं, आणि नुकसान तपासायला विम्याचे सर्व्हेअर तिथे आले. त्यांनी दहा मिनिटांत फोटो काढले आणि गेले. काही दिवसांनी पत्र आलं. टोटल लॉस. गाडी दुरुस्तीच्या पलीकडे आहे, भंगारात द्यावी.

बेबाबाई एसटीने गॅरेजमध्ये आल्या आणि नुसत्याच माझ्या स्टिअरिंगवर बसल्या. सोबत चंदन होता, आणि त्याची मुलगी भाविका. ती नववीत आहे. चार माणसांत तिच्या तोंडातून शब्द फुटत नाही.

"आई, आता पुरे झालं," चंदन म्हणाला. "अडुसष्ट वर्षांची झाली तू. कुठी जायचं ते सांग, मी सोडत जाईन तुले."

"तू सोडशील रे," बेबाबाई म्हणाल्या, "पण तुह्या सवडीनं."

तेव्हा मला कळलं, भंगारात मी एकटी जाणार नव्हते.

भाविका मागच्या सीटवर बसून तो इंग्रजी रिपोर्ट वाचत होती. एका ओळीशी ती थांबली. 'खालचा पत्रा पूर्ण गंजलेला, वेल्डिंग धरणार नाही.' तिने पायपुसणं उचललं, डागावर बोट घासलं आणि बोटाकडे बघत राहिली. मग पुढे वाकून आजीच्या कानात काहीतरी बोलली. आजीने ते चंदनला सांगितलं: हा गंज नाही, आपल्या घडांचा चीक आहे.

"चीक आहे हे आपल्याले माहीत आहे," चंदन म्हणाला, "पण ते सांगायचं कसं?"

शेवटी अर्जात एवढंच लिहिलं की रिपोर्ट मान्य नाही, पुन्हा तपासणी करावी.

या वेळी धुळ्याहून दुसऱ्या सर्व्हेअर आल्या, दिपमाला मॅडम. त्यांनी टॉर्च लावून आत वाकून पाहिलं. "गंज तर दिसतोय," त्या म्हणाल्या. माझा जीव इंजिनात गोळा झाला.

"पत्रा बठ्ठा चांगला शे, मॅडम. ठोकीसन देखा," सगळ्या पत्र्यावर टकटक करत हिलालभाऊ म्हणाले.

"मग हे तपकिरी काय आहे?"

हिलालभाऊ छताकडे बघू लागले, चंदन बुटांकडे. भाविकाचा चेहरा लाल झाला. तरी ती पुढे आली, पत्र्यावर बोट फिरवलं आणि मॅडमसमोर धरलं. "गंज हाताला लागतो. हा लागत नाही." एवढं बोलून ती आजीमागे गेली.

"केळीचा चीक आहे तो, बाई," बेबाबाई म्हणाल्या. "लेकीले घड नेत असते मी."

"आई!"

"काय आई? चीक लपवून गाडी भंगारात घालू का?"

"भाड्याने नेता?" मॅडमनी विचारलं.

"लेकीकडून भाडं घेऊ? जावई हसतीन मले!"

मॅडमही हसल्या. त्यांनी हिलालभाऊंकडून पातं घेतलं आणि डाग खरवडला. खाली माझा सायीसारखा रंग जसाच्या तसा होता. "घरचा घड घरच्या गाडीतून नेला तर विमा बुडत नाही हो," त्या चंदनला म्हणाल्या. "हे पहिल्या दिवशी सांगितलं असतं, तर गाडी एव्हाना रस्त्यावर असती."

बारा दिवसांनी पत्र आलं. टोटल लॉस रद्द, दुरुस्ती मंजूर. ते वाचून हिलालभाऊंनी माझ्या बॉनेटवर अशी थाप मारली की तिथेच एक नवा पोचा पडला असता. मग त्यांनी महिनाभर मला ओढलं, ठोकलं, सरळ केलं. दुखलं, पण ते दुखणं गोड होतं.

आज मी गॅरेजच्या दाराशी उभी आहे. डावी दारं नवीन रंगाने जरा जास्तच चमकतात, त्याची थोडी लाज वाटते. चंदन मुकाट्याने बाजूच्या सीटवर जाऊन बसला आहे. मला कोणाला उपदेश करायचा नाही. एकच विनंती आहे. तुमच्या घरात अशी कोणी गाडी चालवणारी बाई असेल, तर तिच्या हातातून किल्ली काढून घेण्याआधी एकदा तिच्या शेजारी बसा, आणि वळणावर ती कशी—

"चाल वो माय, ऊन होऊ राह्यलं!" बेबाबाईंनी किल्ली फिरवली, आणि मी निघाले.