मॅडमना डावी खिडकी हवी

खिडकी डावीकडचीच हवी. उजवीकडून ऊन आलं की डोकं चढतं.

लिंबाच्या गोळ्या. लाल कागदातल्या. पिवळ्या चालत नाहीत.

समुद्र आवडतो, पण पाणी गुडघ्यापर्यंतच.

चढ कितीही चालेल. उताराला दर वीस मिनिटांनी बसायचं.

सकाळी उठल्यावर अर्धा तास कुणी बोलायचं नाही.

कड्याजवळ गेल्या की मागून कुणीतरी दंडाला धरावं. त्या सांगणार नाहीत. धरावं.

ही सगळी उत्तरं. प्रश्न एकतीस होते आणि ते विचारले होते ‘वेळापत्रका’ने. हे नाव मालवाहतूक कंपनीतल्या ड्रायव्हरांनी ठेवलेलं. चाळीस ट्रक कुठल्या रस्त्याने जाणार, कुठे थांबणार, ड्रायव्हर कुठे जेवणार, हे तो खुर्चीवरून न उठता आखायचा. त्याची एक रीत होती. नवा मार्ग कोऱ्या कागदावर कधी काढायचा नाही. जुना घ्यायचा, तारीख बदलायची, गाडीचा नंबर बदलायचा, की झालं. तेवीस वर्षांत त्याची एक गाडी भलतीकडे गेली नव्हती.

दोन वर्षांपूर्वी मालकांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. लग्नाला वीस वर्षं होतायत, सात दिवस गाडीने फिरायचंय, आधी समुद्र, मग डोंगर चढायचेत, तूच आख. वेळापत्रकाने मालकीणबाईंच्या दोन दुपारी घेतल्या. वही मांडीवर ठेवून, अदबीने, एकेक प्रश्न. सहल अशी झाली की मालक महिनाभर येईल त्याला सांगत होते. वेळापत्रक वरवर लाजायचा आणि आतून फुगायचा.

आता त्याच्या स्वतःच्या लग्नाला पंचवीस वर्षं होत होती.

लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात त्याने बायकोला शब्द दिला होता: सात दिवस, गाडीने, समुद्र आणि डोंगर. तो शब्द लेकीच्या शाळेमागे, मग घराच्या हप्त्यांमागे, मग नुसताच मागे पडत गेला. यंदा त्याने सांगितलं, जायचं. बायको शर्टांच्या कारखान्यात तयार माल तपासायची. तिने कधी नव्हे ती सात दिवसांची रजा टाकली, मंजूर करून घेतली आणि तिच्या टेबलावरच्या सगळ्या बायकांना सांगून टाकलं.

रविवारी सकाळी त्याने अकरा पानांची फाइल तिच्या चहाच्या कपाशेजारी ठेवली आणि पेपर वाचायचं सोंग केलं.

तिने फाइल शर्टासारखीच तपासली. शेवटच्या पानापासून. सुटलेले टाके शेवटी सापडतात, तोवर शिवणाऱ्याला घरी जायची घाई झालेली असते.

“अहो, या मॅडम कोण?”

“कुठे?”

“सगळीकडे आहेत. मॅडमना डावी खिडकी. मॅडमना लाल गोळ्या.”

“अगं, ती तूच.” तो हसला. “मान दिलाय तुला.”

“मी? सकाळी अर्धा तास न बोलणारी?” ती म्हणाली. “मी तर डोळे उघडायच्या आत बोलायला लागते. तुम्हीच तर म्हणता, रेडिओ लागला.”

त्याचं हसू ओठांवरच वाळलं. तारखा त्याने बदलल्या होत्या, हॉटेलांची भाडी बदलली होती, गाडीचा नंबर बदलला होता. मॅडम हा शब्द त्याला दिसला नव्हता असं नाही. दिसला होता. राहू दे म्हणाला होता. आता मॅडम म्हणजे हीच, असं त्याने धरलं होतं.

“मालकीणबाईंचं आहे हे,” ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. “आयत्या पिठावर रेघोट्या ओढल्यात. पण काय बारकाईने चौकशी केलीत हो तिची! कड्यावर दंडाला धरावं. मला नाही लागत धरायला.”

आणि इथे, जीभ चावून गप्प बसायच्या जागी, तो म्हणाला, “तुला काय माहीत? तू कधी कडा पाहिलायस?”

तिने फाइल बंद केली. कप विसळला. पुसला. जागेवर ठेवला.

“मंगळवारपर्यंत रजा मागे घेता येते,” ती म्हणाली. “घेते मी.”

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत वेळापत्रकाने एकतीस प्रश्नांचा कोरा तक्ता काढला. डबा बाजूला सारला. आपल्या बायकोचा तक्ता आपल्याला भरता येणार नाही, एवढा काही मी हा नाही, असं म्हणून पेन्सिलीला टोक केलं. सहा प्रश्न भरले. सातवा होता: गाडीत कुठे बसायला आवडतं? मागे, त्याने लिहिलं. का? तिथे पेन्सिल थांबली. आठवा कोरा. नववा कोरा. पंधराव्याशी त्याने डब्यातला घास हातात घेतला आणि तसाच परत ठेवला.

शेवटी शिकायला परगावी असलेल्या लेकीला फोन लावला.

“बाबा, परीक्षेत कॉपी?”

“सांग गं गुपचूप. आई मागे का बसते?”

“पुढे बसली आणि तुम्ही ब्रेक मारला की तिचा पायही दाबला जातो. मग तुम्ही ओरडता, गाडी तू चालवतेयस का? मी सात वर्षांची असल्यापासून ती मागे बसते.”

त्याने लिहिलं. लिहिताना त्याने तो तक्ता हाताने झाकला, जसं शेजारचं कुणी बघत असावं.

“आणि चढण? झेपेल तिला?”

पलीकडे लेक खो खो हसली. मग हसता हसता थांबली.

“बाबा, तुम्हाला खरंच माहीत नाही? आई दर रविवारी पहाटे पाण्याच्या टाकीमागच्या डोंगरावर जाते. आधी मला घेऊन जायची. तुम्ही उठायच्या आत परत. दाराआड तिचे बूट नाहीत का?”

बूट होते. चिखलाचे. त्याला ते लेकीचे वाटायचे. लेकीला घर सोडून चार वर्षं झाली होती, आणि चिखल दर रविवारी ओला असायचा.

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. समोर भिंतीवर चाळीस ट्रकांचा फळा होता. कुठली गाडी या क्षणी कुठे उभी आहे, हे तो डोळे मिटून सांगू शकला असता.

तरी माणूस कसा असतो बघा. लेकीच्या उत्तरांनी एकतीसच्या एकतीस जागा भरल्यावर त्याच्या मनात आलं, याचीच फाइल करू, मला सगळं ठाऊक होतं असं दाखवू. संध्याकाळी घरच्या जिन्यापर्यंत हे टिकलं. दारात बूट दिसले आणि भरलेला तक्ता खिशातच राहिला.

ती स्वयंपाकघरात भाजी चिरत होती. त्याने ओट्यावर कोरा तक्ता ठेवला.

“विचारू?”

“किती आहेत?”

“एकतीस.”

“विचारा. पण लिहायचं नाही.”

“का?”

“लिहिलंत की पुढच्या कुणाला तरी द्याल. तारीख बदलून.”

त्याने पेन्सिल खाली ठेवली. हात रिकामे झाल्यावर ते कुठे ठेवायचे हे त्याला कळेना.

“गाडीत कुठे बसायला आवडतं?”

सुरी थांबली. “पुढे,” ती म्हणाली.

तक्त्यातलं ‘मागे’ चुकलं होतं. की त्याला आणि लेकीला फक्त बसण्याची जागा माहीत होती, आवड नव्हे? त्याने खिशातला तक्ता काढून ओट्यावर ठेवला, मान खाली घालून. “हा लेकीने सांगितलेला. मला त्यातले सहाच आले.”

“माहीत आहे. तिने दुपारीच फोन केला.” तिने तक्ता उचलला नाही. “त्या सहातलेही किती बरोबर, देव जाणे.”

“रजा...?”

“मागे घ्यायचा अर्ज पर्समध्ये आहे. उद्या द्यायचा की फाडायचा, ते बघू.” तिने पुढचा कांदा घेतला. “आठवा कुठलाय?”

त्याने आठवा विचारला. मग नववा. त्याचा आवाज मालकीणबाईंसमोर होता तेवढा सराईत नव्हता.

लग्नाआधी, पहिल्या भेटीत, तिने त्याला काय काय आवडतं ते विचारलं होतं आणि तो पाऊण तास बोलला होता.