कागदातली डाळिंबं

माझे वडील, तात्या, गेले त्या कार्तिकात बागेतली डाळिंबं अजून कागदात होती. दिवसकार्य उरकलं तरी मी पुण्याच्या शाळेत शिकवायला परत गेले नाही, रजा वाढवून घेतली. माझे चुलते महिपतीकाका बाग मोडून तिथे ऊस लावायचं म्हणत होते आणि आईने अजून हो म्हटलं नव्हतं, नाहीही म्हटलं नव्हतं.

काकांचं फारसं चूक नव्हतं. नीरेच्या कालव्याखाली आमच्या शिवाराच्या दोन्ही अंगांना ऊसच उभा होता. मधोमध आमची बाग, आणि तिच्यात झाडाझाडाला लटकलेल्या कागदी पिशव्या. बारामतीच्या बाजाराला जाणाऱ्या गाड्या बांधाशी जरा थांबत. गाडीवान ओरडून विचारी, “तात्या, पोरांस्नी अंगडी घातली, टोपडी कवा घालणार?”

तात्यांनी तरुणपणी जपानात, कोबे शहरात, मुंबईच्या एका कापूसव्यापाऱ्याच्या बंगल्यावर माळीकाम केलं होतं. तिथून त्यांनी पैसा आणला नाही, सांगण्यासारखं मात्र पुष्कळ आणलं. तिकडचे लोक आधी बाहेर अंग घासून धुतात, मग कढत पाण्याच्या पिंपात बसतात आणि एकाच पाण्यात सगळं घर पाळीपाळीने बसतं, हे ऐकून आमच्या बायका तोंडाला पदर लावत. घरात शिरताना काढलेल्या पायताणाचे चवडे दाराकडे वळवून ठेवतात, म्हणजे निघताना पाहुण्याला सोपं पडतं, हे मात्र सगळ्यांना पटलं होतं. करत कोणीच नव्हतं.

फळ लिंबाएवढं झालं की तिकडे प्रत्येकाला कागदाची पिशवी बांधतात, मग अळी शिरत नाही, हेही त्यांनी तिथेच पाहिलं. आधी खोपीजवळच्या चार झाडांवर करून बघितलं. या साली सगळ्या बागेला बांधलं. जुनी वर्तमानपत्रं मी पुण्याहून पाठवत होते.

त्यातून एक भलतंच झालं. तिकडच्या देवळात चिठ्ठी काढून नशीब बघतात, वाईट निघाली तर ती आवारातल्या झाडाला बांधून रिकाम्या हातांनी घरी जातात, असं तात्यांनी कधीतरी सांगितलं होतं. शेजारच्या ठमाबाईने ते ऐकलं, आमची झाडं पाहिली आणि काय समजायचं ते समजली. नातवाचा ताप हटेना तेव्हा त्याच्या कुडत्याची चिंधी आमच्या कडेच्या डाळिंबाला बांधून गेली. मग आणखी दोघीतिघींनी बांधल्या. तात्यांनी एकीलाही अडवलं नाही. फांदीला काच बसू नये म्हणून गाठी तेवढ्या सैल केल्या.

“फळबागंचं देऊळ केलं त्यानं,” काका आईला म्हणाले. “लोक हसत्यात, वैनी.”

आई म्हणाली, या बहाराची फळं बघू, मग सांगते.

मार्गशीर्षात काकांनी एक पिशवी फाडली. आतलं फळ अळीशिवाय होतं, पण पांढुरकं, हिरवट. ते त्यांनी आईच्या हातात दिलं.

“आजाऱ्याच्या तोंडावानी दिसतंय. कोण घेणार हे? उद्या झाडं तोडाया माणसं लावतो.”

आईने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, फळ चांगलं आहे, त्याने ऊन पाहिलेलं नाही एवढंच. उतरवण्याच्या थोडं आधी तिकडे कागद काढतात, म्हणजे सालीला रंग चढतो. तात्या चार झाडांवर तसंच करत. यंदा कागद काढायच्या वेळी ते अंथरुणावर होते.

काका थांबायला तयार झाले, पण रंग चढला नाही तर पुढे बोलायचं नाही, असं बजावून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घडवंची घेऊन बागेत गेले. गाठी सुतळीच्या होत्या, प्रत्येक एका ओढीत सुटणारी. थोड्या वेळाने आई आली. पिशव्या बांधायला सुरुवात झाल्यापासून ती या झाडांखाली आली नव्हती. तात्या ओसरीवर बसून खळीने कागद चिकटवत, तेव्हा पाणवठ्यावर बायका तिला म्हणत, तुझा दादला बायकांची कामं करतोय. ते तिला लागलं होतं.

ती पलीकडच्या झाडाच्या गाठी सोडू लागली. बऱ्याच वेळाने तिने विचारलं, “जयवंता, तिकडं ह्या पिशव्या बाप्ये चिकटवत्यात?”

“न्हाय. घरातल्या बाया. थंडीच्या दिवसांत सगळ्या मिळून बसतात, गाणी म्हणतात. तात्याच सांगायचे.”

“मला न्हाय कधी सांगितलं.” ती सुतळी बोटाला गुंडाळत राहिली. “सांगितलं असतं तर बसले असते की.”

पुढच्या गाठी मला नीट दिसत नव्हत्या, त्या चाचपून सोडल्या.

रंग हळूहळू आला. आधी उन्हाकडच्या गालाला, मग देठापर्यंत. काकांनी येऊन एक फळ वळवून पाहिलं, दुसरं पाहिलं. मग झाडाखाली बसून एक फोडलं आणि सगळं खाल्लं.

“भावजी,” आई म्हणाली, “ऊस तुमच्या हिश्श्यात लावा. ही बाग ऱ्हाऊ द्या.”

“आन् पुढल्या साली कागद कोण बांधणार?”

“मी हाय. ठमाबाई येतो म्हणलीया.”

“लोक लई हसतील, वैनी.”

“हसू देत की,” आई म्हणाली. “ते गेल्यापास्नं आमच्या बांधावर कुणी हसलंच न्हाय.”